ऐकू येते, पण कळत नाही : श्रवणातील वेळेचे महत्त्व

(मनावर, जिल्हा धार, येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेत शिक्षकांकडून आणि घरात आईवडिलांकडून एक तक्रार वारंवार ऐकावयास मिळते. मुलाला हाक मारली की ते वळून पाहते, भांडे पडले की दचकते, दारात मोटार आली की धावत बाहेर जाते. परंतु "आधी पाटी आण आणि मग खाली बस" असे सांगितले, तर भलतेच काही तरी करून बसते. मोठी माणसे त्यावरून निष्कर्ष काढतात, की मुलाचे कान चांगले आहेत, पण ते हट्टी आहे, मंद आहे किंवा त्याचे लक्ष नाही. त्याच घरातील आजोबांची तक्रार थोडी निराळी असते. "आवाज येतो रे, पण शब्द उमगत नाहीत," असे ते म्हणतात. आणि घरातील मंडळी मग त्यांच्याशी अधिकच मोठ्याने बोलू लागतात.

या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट असू शकते. आवाज कानी पडणे हे एक कार्य आहे आणि त्या आवाजातून शब्द वेगळा काढणे हे दुसरे. पहिल्या कार्यासाठी आवाजाची तीव्रता पुरेशी असावी लागते. दुसऱ्यासाठी कानापासून मेंदूपर्यंत जाणारे मज्जातंतूंचे संदेश अगदी वेळेवर, सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या बारकाईने, पोहोचावे लागतात. तीव्रता कमी झाली, तर तिला आपण बहिरेपणा म्हणतो व तो चटकन ओळखतो. वेळ चुकली, तर तिला बहुधा नाव नसते आणि तिचा दोष मुलाच्या स्वभावावर जातो. म्हणूनच हा विषय डॉक्टरांइतकाच शिक्षकांचा, अंगणवाडी सेविकांचा आणि पालकांचाही आहे.

कानातील कारभार

बाहेरून आलेला आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो, पडद्यामागील तीन इवल्या हाडांमधून पुढे जातो आणि शंखाप्रमाणे वेटोळे असलेल्या आतल्या कानात शिरतो. या वेटोळ्यातील द्रवात लाटा उठतात. कोणत्या आवाजाची लाट वेटोळ्यात कोठे सर्वांत उंच उठते, हे जॉर्ज फॉन बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले व त्याबद्दल त्यास १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बारीक, उंच स्वर वेटोळ्याच्या आरंभी आणि जाड, खालचे स्वर त्याच्या टोकाशी अधिक परिणाम करतात.

या वेटोळ्यात केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशींच्या रांगा असतात. बाहेरच्या रांगांतील सुमारे १२,००० पेशी आलेल्या कंपनाला बळ देतात. आतल्या एकाच रांगेतील सुमारे ३,५०० पेशी त्या कंपनाचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करतात. प्रत्येक कानातून असे सुमारे ३०,००० तंतू मेंदूकडे निघतात. या तंतूंमधून आवाज जात नाही. जातात ते विजेच्या स्वरूपाचे अत्यंत अल्पकालीन आवेग. प्रत्येक आवेग दुसऱ्यासारखाच असतो. तेव्हा संदेशात वेगळेपणा येतो, तो कोणत्या तंतूने, किती वेळा आणि नेमक्या कोणत्या क्षणी आवेग पाठविला, यावरून.

येथे एक अडचण उभी राहते. एक आवेग पाठविल्यावर तंतूला क्षणभर विसावा घ्यावा लागतो. त्यामुळे कोणताही एक तंतू सेकंदाला काही शेकड्यांहून अधिक आवेग पाठवू शकत नाही. मग सेकंदाला हजार किंवा दोन हजार कंपने असणारा आवाज कसा कळावा? अमेरिकेतील वेव्हर व ब्रे या शास्त्रज्ञांनी १९३० च्या सुमारास याची उपपत्ती मांडली. एक तंतू प्रत्येक कंपनाला साथ देत नाही. पण जेव्हा देतो, तेव्हा कंपनाच्या ठराविक टप्प्यावरच देतो. एकाने सोडलेले कंपन दुसरा पकडतो, दुसऱ्याने सोडलेले तिसरा. अशा रीतीने अनेक तंतू मिळून काही हजार कंपनांपर्यंतचा ताल मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोहोचवितात.

भजनाचे उदाहरण घेतले, तर ही गोष्ट सहज ध्यानात येईल. शंभर टाळकरी उभे आहेत. त्यांतील प्रत्येक जण दर मात्रेला टाळ वाजवीत नाही. पण जो वाजवितो, तो मात्रेवरच वाजवितो. दूर उभ्या असलेल्या माणसालाही ठेका स्पष्ट ऐकू येतो. आता हेच शंभर जण तितक्याच जोराने, परंतु प्रत्येक जण किंचित मागेपुढे, टाळ वाजवू लागले तर काय होईल? आवाज कमी होणार नाही. टाळ वाजत आहेत हेही कळेल. मात्र ठेका हरवेल आणि राहील तो नुसता गलबला. मज्जातंतूंचे आवेग विस्कळीत झाले म्हणजे ऐकणाऱ्याच्या वाट्याला असाच गलबला येतो.

आवाज कोणीकडून आला?

वेळेचे हे गणित कान किती सूक्ष्मपणे करतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे दिशेचे ज्ञान. रस्त्याने चालताना मागून उजवीकडे मोटारसायकलचा भोंगा वाजला, की माणूस न पाहता डावीकडे सरकतो. उजवीकडील आवाज उजव्या कानात आधी व डाव्या कानात नंतर पोहोचतो. डोक्याच्या रुंदीमुळे पडणारा हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या दहा हजार भागांपैकी सहा-सात भागांइतका असतो. इंग्लंडमधील लॉर्ड रॅले याने १९०७ मध्ये दाखवून दिले, की खालच्या स्वरांची दिशा मनुष्य दोन कानांतील अशा फरकावरून ओळखतो. अनुकूल परिस्थितीत सेकंदाच्या एक लक्षांश भागाइतका फरकही माणसास जाणवतो. अर्थात, दोन्ही कानांचे संदेश वेळेवर येत असतील तरच. आठवड्याच्या बाजारात चहूकडून बोलणी चालू असता समोरच्या दुकानदाराचे बोलणे वेगळे काढता येते, त्यालाही दोन कानांच्या या तुलनेची मोठी मदत होते.

मराठी वर्णमाला आणि सेकंदाचे हजारावे भाग

भाषा समजण्यासाठी या वेळेची गरज किती आहे, हे मराठी भाषिकाला शोधण्यास दूर जावे लागत नाही. काल, खाल, गाल आणि घाल हे चार शब्द उच्चारून पाहावेत. चारही शब्दांत जिभेची मागची बाजू वर टेकते व सुटते. ओठ, दात, जीभ यांच्या जागा जवळजवळ त्याच. तरीही चार शब्द चार अर्थ देतात. आपल्या प्राचीन शिक्षाग्रंथांनी हा भेद घोष व अघोष, अल्पप्राण व महाप्राण या संज्ञांनी फार पूर्वी नोंदविला आहे. आधुनिक काळात त्याचे मोजमाप झाले.

ली लिस्कर व आर्थर अब्रॅमसन या अमेरिकन संशोधकांनी १९६४ मध्ये जगातील अकरा भाषांचा एक तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या अकरांत हिंदी, तमिळ आणि मराठी या तीन भारतीय भाषा होत्या. जीभ किंवा ओठ सुटण्याचा क्षण आणि कंठातील स्वरतंतू कंप पावू लागण्याचा क्षण, या दोहोंमधील अंतर त्यांनी मोजले. 'ग'मध्ये कंठातील कंप जीभ सुटण्यापूर्वीच सुरू झालेला असतो. 'क'मध्ये तो जीभ सुटल्यानंतर लगेच सुरू होतो. 'ख'मध्ये मधे श्वासाचा झोत जातो आणि कंप आणखी उशिरा येतो. हे सर्व अंतर सेकंदाच्या काही शतांशांचे आहे. हिंदी व मराठीच्या बाबतीत या अभ्यासात एक विशेष गोष्टही दिसून आली. 'ग' आणि 'घ' यांच्यातील भेद केवळ या एका अंतराने उलगडत नाही. 'घ'मध्ये कंप आणि श्वास यांचे मिश्रण असते व कानाला तेही टिपावे लागते. म्हणजे ज्या भाषेत असे चार-चार जवळचे वर्ण आहेत, त्या भाषेच्या बोलणाऱ्यांच्या कानावर वेळेच्या कामाचा भार थोडा नाही.

वर्णांप्रमाणेच वर्णांमधील शांततेलाही अर्थ असतो. 'शिका' आणि 'शिक्का' हे दोन शब्द पाहावेत. 'शिक्का' म्हणताना 'क' सुटण्यापूर्वी जी क्षणभर स्तब्धता असते, ती 'शिका' या शब्दातील स्तब्धतेहून लांब असते. निरोगी कानाला एखाद्या सलग आवाजातील दोन-तीन सहस्रांश सेकंदांचा खंडही अनुकूल स्थितीत ओळखता येतो. ज्यांचे श्रवण-मज्जातंतू विस्कळीतपणे काम करतात, त्यांच्यापैकी अनेकांना तो खंड याच्या कितीतरी पट लांब असल्याशिवाय जाणवत नाही. अशा माणसाला शब्दांतील शांतता भरून निघाल्यासारखी वाटते. शब्द एकमेकांत मिसळतात आणि वाक्याचा लगदा होतो.

विकाराची ओळख

हा विकार नवा नाही. त्याची ओळख मात्र अलीकडची आहे. ती होण्यास दोन चाचण्या कारणीभूत झाल्या. डॉन ज्युएट व जॉन विलिस्टन यांनी १९७१ मध्ये असे वर्णन केले, की डोक्यावर बाहेरून विद्युदग्रे लावून कानात टिकटिक असा आवाज सोडला असता पहिल्या दहा सहस्रांश सेकंदांत लहान लहान लाटांची एक ठराविक मालिका नोंदविता येते. श्रवण-मज्जातंतूंपासून मेंदूच्या बुंध्यापर्यंत संदेश कसा टप्प्याटप्प्याने चढतो, याचे ते वेळापत्रकच होय. रुग्णालयांत या चाचणीला 'बेरा' असे म्हणतात. हजारो तंतू एकाच वेळी आवेग पाठवितात तेव्हाच या लाटा उमटतात. तंतू मागेपुढे झाले की लाटा पुसट होतात किंवा नाहीशाच होतात. दुसरी चाचणी डेव्हिड केम्प या इंग्लिश शास्त्रज्ञाच्या १९७८ मधील शोधावर आधारलेली आहे. निरोगी आतला कान, आवाज ऐकल्यावर, स्वतःही एक अतिमंद प्रतिध्वनी बाहेर सोडतो. तो मोजला म्हणजे बाहेरच्या रांगेतील पेशी जिवंत आहेत हे कळते. हिला 'ओ.ए.ई.' चाचणी म्हणतात.

१९९६ मध्ये अमेरिकेतील अर्नोल्ड स्टार व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. या दहाही जणांचा आतला कान प्रतिसाद देत होता, परंतु बेरा चाचणीत लाटा नव्हत्या किंवा अत्यंत बिघडलेल्या होत्या. त्यांचे शब्दज्ञान श्रवणालेखावरून अपेक्षा करावी त्याहून पुष्कळच कमी होते. या अवस्थेला त्यांनी श्रवण-मज्जाविकृती असे नाव दिले. पुढे २००८ मध्ये इटलीतील कोमो येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत, एकाच नावाखाली अनेक प्रकार येतात हे मान्य करून, तिला श्रवण-मज्जाविकृतींचा गट असे व्यापक नाव सुचविण्यात आले. दोष आतल्या पेशी व तंतू यांच्या सांध्यात असू शकतो, तंतूत असू शकतो किंवा तंतूभोवतीच्या मायेलिन नावाच्या आवरणात असू शकतो.

भारतातही या विकाराचा अभ्यास झालेला आहे. मैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेतील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आतल्या कानाच्या किंवा मज्जातंतूंच्या दोषामुळे श्रवण उणे असलेल्या सुमारे १८३ व्यक्तींमागे एकात हा विकार आढळला. प्रमाण लहान दिसते. परंतु ज्यांची तपासणी झाली त्यांच्यातील हे प्रमाण आहे. ज्याचा कान प्रत्येक आवाजाला प्रतिसाद देतो, त्याला मुळात तपासणीस नेतो कोण?

नवजात बालकाची कावीळ

या विकाराची काही कारणे आनुवंशिक आहेत, काही नंतरच्या वयात उद्भवणाऱ्या मज्जातंतूंच्या रोगांची आहेत. परंतु ज्या कारणाकडे ग्रामीण भागाने सर्वांत आधी लक्ष द्यावयास हवे, ते म्हणजे नवजात बालकाची तीव्र कावीळ.

जन्मानंतर पहिल्या आठवड्यात पुष्कळ बालकांना थोडीबहुत कावीळ होते व ती बहुधा आपोआप ओसरते. परंतु रक्तातील बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य फार वाढले, तर ते मेंदूत शिरते. मेंदूच्या बुंध्यातील श्रवणाची केंद्रे आणि श्रवण-मज्जातंतू या द्रव्याला विशेष नाजूक असतात. बालक वाचते, हातपायही पुढे चांगले चालतात, आतल्या कानातील पेशीही शाबूत राहतात. आणि तरीही संदेशांचे वेळापत्रक मात्र कायमचे बिघडलेले असू शकते. अपुऱ्या दिवसांचे जन्मलेले बालक, जन्मताच न रडलेले व प्राणवायू कमी पडलेले बालक आणि अतिदक्षता विभागात बरेच दिवस राहिलेले बालक यांनाही हा धोका अधिक असतो.

समाधानाची गोष्ट अशी, की कावीळीवरील उपाय साधा व परिणामकारक आहे. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात, उन्हात ठेवलेल्या बालकांचा पिवळेपणा उतरतो असे एका परिचारिकेच्या ध्यानात आले. त्या निरीक्षणावरून क्रेमर, पेरिमन व रिचर्ड्स यांनी १९५८ मध्ये प्रकाशोपचाराची पद्धती प्रसिद्ध केली. आज रुग्णालयांतून बालकाला विशिष्ट निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. मात्र यावरून घरच्या अंगणातील ऊन पुरेसे आहे असा अर्थ कोणीही काढू नये. उन्हाची मात्रा मोजता येत नाही, बालकाला ताप किंवा गारठा बाधू शकतो आणि मौल्यवान वेळ निघून जातो. गळ्यात माळ घालणे, झाडपाला देणे किंवा कावीळ उतरविणाऱ्याकडे नेणे, यांतही तोच वेळ जातो.

पुढील लक्षणे दिसताच बालकाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसणे, तळहात व तळपाय पिवळे होणे, बालक सुस्त पडणे, दूध न ओढणे, अंग ताठ करून पाठीची कमान करणे किंवा चिरक्या आवाजात रडणे. सावळ्या वर्णाच्या बालकाचा पिवळेपणा चटकन दिसत नाही. म्हणून दिवसाच्या उजेडात त्याच्या छातीची किंवा कपाळाची कातडी बोटाने हलकेच दाबून बोट उचलताच तेथला रंग पाहावा, आणि डोळ्यांतील पांढरा भागही तपासावा. मान नदीच्या खोऱ्यातील दूरच्या पाड्यावरून रात्री वाहन मिळणे सोपे नसते, हे खरे. म्हणूनच बाळंतिणीच्या घरी या लक्षणांची माहिती आधीच असावयास हवी.

तपासणी कोणती व केव्हा?

अमेरिकेतील बालश्रवणविषयक संयुक्त समितीने सांगितलेला क्रम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचारास आरंभ. आपल्या देशात बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमास २००६-०७ पासून प्रायोगिक स्वरूपात सुरुवात झाली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ झाला व जन्मजात बधिरतेचा समावेश त्याच्या यादीत करण्यात आला. या कार्यक्रमानुसार अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावयाची असते व संशयित बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावयाचे असते.

येथे अधिकारीवर्गाने एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. ओ.ए.ई. चाचणी स्वस्त, झटपट व उपयुक्त आहे. परंतु ती आतल्या कानापुरतीच बोलते. मज्जातंतूंच्या वेळेविषयी ती मुकी आहे. ज्या बालकाचे श्रवण-मज्जातंतू बिघडले आहेत, ते बालक या चाचणीत उत्तीर्ण होऊन 'कान चांगले' असा शेरा घेऊन घरी जाऊ शकते. म्हणून उपरोक्त समितीने २००७ मध्ये अशी शिफारस केली, की पाच दिवसांहून अधिक काळ अतिदक्षता विभागात राहिलेल्या बालकांची चाळणी बेरा पद्धतीनेच व्हावी. तीव्र कावीळ झालेल्या बालकाच्या कागदावर 'बेरा करून घ्यावी' एवढे तीन शब्द लिहिले गेले, तर त्याच्या आयुष्यातील काही वर्षे वाया जाण्याचे टळू शकते.

कायद्याचा प्रश्नही असाच आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यात दोन्ही कानांत बोलण्याच्या कंपनांवर ७० डेसिबेल घट असणाऱ्यास बधिर आणि ६० ते ७० डेसिबेल घट असणाऱ्यास श्रवणदुर्बल म्हटले आहे. ही व्याख्या आवाजाच्या तीव्रतेची आहे. श्रवण-मज्जाविकृती असलेल्या एखाद्या व्यक्तीची घट ४० डेसिबेलच असेल आणि तरीही गोंगाटात तिला एकही वाक्य समजत नसेल. अशा वेळी केवळ श्रवणालेखावर न थांबता शब्द ओळखण्याची चाचणी व बेरा यांचे अहवाल सोबत जोडले जावेत, हे तपासणाऱ्याने पाहावयास हवे.

उपचार आणि भाषा

साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करते. विस्कळीत आवेग एका तालात आणणे त्याच्या आवाक्यात नाही. त्यामुळे या मुलांपैकी काहींना यंत्राचा लाभ होतो, काहींना अल्प होतो. ज्यांचा दोष पेशी व तंतू यांच्या सांध्यात आहे, अशांना पुष्कळदा शस्त्रक्रियेने बसविलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटचा चांगला उपयोग होतो, कारण ते यंत्र थेट विजेच्या ठोक्यांनी तंतूंना एकाच वेळी जागे करते. केंद्र शासनाच्या साहाय्यक साधनांच्या 'ॲडिप' योजनेत २०१४ पासून बालकांच्या या शस्त्रक्रियेचा समावेश आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवणाच्या प्रश्नांवर काम करते. भोपाळ येथील संयुक्त प्रादेशिक केंद्र तिच्याच अखत्यारीत आहे. ओटोफर्लिन या एका जनुकातील दोषामुळे ऐकू न येणाऱ्या सहा बालकांवर चीनमध्ये जनुकोपचार करण्यात आला व त्यांपैकी पाच जणांच्या श्रवणात सुधारणा झाली, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. ही वाट आशादायक आहे. मात्र ती त्या एका जनुकापुरती आहे आणि कावीळीने झालेल्या हानीला लागू नाही.

उपचार कोणताही असो, मुलाची भाषा थांबता कामा नये. पहिल्या काही वर्षांत मेंदू भाषा ग्रहण करण्यास विशेष तत्पर असतो. कानाची वाट अरुंद असेल, तर ओठांच्या हालचाली, हावभाव, चित्रे आणि खुणांची भाषा यांच्या वाटेने भाषा आत गेली पाहिजे. खुणांनी मूल बोलावयाचे थांबते, ही समजूत निराधार आहे.

शिक्षकांनी काय करावे?

मनावर व आसपासच्या भागात शिक्षकांपुढे एक निराळीच अडचण असते. मुलाच्या घरी निमाडी, भिली किंवा बारेली बोलली जाते. धार-देवासच्या जुन्या संस्थानांमुळे येथे आलेल्या काही घरांत मराठी बोलली जाते. आणि शाळेची भाषा हिंदी. मूल सूचना समजत नाही तेव्हा ते भाषेमुळे की कानामुळे, हे ठरविणे सोपे नसते. याचा एक उलगडा असा. घरच्या बोलीत, शांत जागी, जवळून बोलले असता मूल सर्व समजत असेल आणि शाळेच्या भाषेतच अडखळत असेल, तर प्रश्न बहुधा भाषेचा आहे. घरच्या बोलीतही ते जवळच्या ध्वनींचे शब्द एकमेकांत मिसळत असेल, पाठमोऱ्या बोलण्याचा अर्थ लागत नसेल, थोडा गोंगाट होताच गोंधळत असेल, तर त्याला कानाच्या तपासणीस पाठवावे. ही घरगुती चाचणी निदानाची जागा घेऊ शकत नाही. कोणाला पुढे पाठवावे, एवढेच ती सांगते.

वर्गात पुढील गोष्टींना पैसे लागत नाहीत. अशा मुलाला पुढच्या बाकावर, खिडकी व रस्त्यापासून दूर बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. वाक्य लहान असावे, शब्द सुटे असावेत, दोन वाक्यांत विसावा असावा. महत्त्वाचे शब्द फळ्यावर लिहावेत. पत्र्याच्या छताखाली व उघड्या भिंतींमध्ये आवाज घुमतो आणि शब्दांमधील शांतता बुजते. तेथे पडदे, चटया किंवा भिंतीवरील कापडी तक्ते यांनी फरक पडतो. मूल समजले नाही की आवाज चढविण्याची सवय सर्वांनाच असते. चढलेल्या आवाजाने विस्कटलेला ताल जुळत नाही. सावकाश व स्पष्ट बोलण्याने मात्र शब्दांना शब्दांपासून वेगळे राहण्यास अवधी मिळतो. घरातील वृद्धांनाही हेच लागू पडते, कारण वयानुसार मज्जातंतूंची ही अचूकता कमी होत जाते.

गोंगाटाचा मूक परिणाम

शेवटी गोंगाटाविषयी. शॅरन कुजावा व चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगात असे दाखविले, की मोठ्या आवाजानंतर उंदरांचे ऐकणे काही दिवसांत पूर्ववत झाले, तरी आतल्या पेशी व तंतू यांच्या सांध्यांपैकी काही भागांतील जवळजवळ निम्मे सांधे कायमचे नष्ट झाले होते. मनुष्यात हे नेमके किती घडते यावर संशोधन चालू आहे. परंतु मळणीयंत्र, कापसाचे जिनिंग, दगडफोडीचे यंत्र किंवा वरातीतील डी.जे. यांच्याजवळून आल्यावर कानात घुंई होते व थोड्या वेळाने थांबते, तेव्हा काहीही बिघडले नाही असे समजण्याचे कारण नाही. कामगारांना कानात घालावयाचे बोळे अथवा आवरणे मिळावीत, आणि लहान मुलांना ध्वनिवर्धकाच्या भिंतीपुढे नाचवू नये, एवढी दक्षता कोणत्याही गावाला घेता येण्याजोगी आहे.

बंधुभगिनींनो, बहिरेपणा म्हणजे आवाज न येणे, एवढीच कल्पना आजवर आपल्या समाजात रूढ आहे. तीत आता एक भर घालावयास हवी. आवाज येत असूनही शब्द न कळणे ही शरीराची अवस्था असू शकते व तिची तपासणी होऊ शकते. नवजात बालकाच्या कावीळीवर त्याच दिवशी उपचार व्हावा, धोक्यातील प्रत्येक बालकाची बेरा चाचणी व्हावी, आणि ऐकूनही न समजणाऱ्या मुलाला शिक्षा करण्यापूर्वी त्याच्या कानाची तपासणी व्हावी, या तीन गोष्टी गावाने, शाळेने व शासनयंत्रणेने आपापल्या परीने केल्या, तर आज 'मंद' म्हणून मागच्या बाकावर बसविलेली काही मुले उद्या पुढच्या बाकावर बसून शिकू लागतील.